पिकअप वाहनातील इंजिन अतितापन

इंजिन अतितापन म्हणजे इंजिनाचे तापमान त्याच्या नेहमीच्या कार्यमर्यादेबाहेर वाढण्याची स्थिती होय. बोलीभाषेत या बिघाडास 'गाडी तापणे' किंवा 'गाडी हीट होणे' असे म्हणतात. ताप हे जसे अनेक रोगांचे सामाईक लक्षण असते, तसेच अतितापन हे शीतन प्रणालीतील, इंजिनातील किंवा वाहनावरील भारातील अनेक दोषांचे सामाईक लक्षण आहे. त्यामुळे काटा लाल पट्ट्यात गेला एवढ्यावरून दोष ओळखता येत नाही. वाहन कोणत्या परिस्थितीत तापते हे नोंदवून क्रमाने चाचण्या केल्यास बहुतेक वेळा मूळ कारण सापडते.

जलशीतित डिझेल इंजिन असलेल्या जुन्या पिकअप वाहनांत हा बिघाड वारंवार आढळतो. अशी वाहने बहुधा मालकच चालवतात आणि त्या कुटुंबाचे रोजचे उत्पन्न एका वाहनावर अवलंबून असते. चुकीच्या निदानामुळे नको तो भाग बदलला जातो, मूळ दोष तसाच राहतो आणि काही दिवसांत इंजिनाचे हेड किंवा ब्लॉक निकामी होऊन वाहन दीर्घकाळ उभे राहते.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्रात लहान मालवाहू वाहनाला सर्रास 'टेम्पो' म्हटले जाते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखाना असलेल्या बजाज टेम्पो या कंपनीच्या वाहनांवरून हा शब्द रूढ झाला. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. टेल्को, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप बाजारात आणली. महिंद्रा अँड महिंद्राची बोलेरो २००० मध्ये आली आणि पुढे तिच्या पिकअप आवृत्त्या ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर पसरल्या. अतितापनाचा संबंध वाहनाच्या बनावटीपेक्षा त्याचे वय, देखभाल आणि वापर यांच्याशी अधिक असतो.

हिंजवडी हे पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात वसलेले गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे उभारलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्कमुळे गावाचे रूप पालटले. कार्यालयांना लागणारे पाण्याचे जार, किराणा व फर्निचर, नव्या इमारतींसाठी सिमेंट व फरशी, तसेच माण, मारुंजी, नांदे, चांदे यांसारख्या भोवतालच्या गावांतील शेतमाल यांची वाहतूक अशा पिकअप वाहनांतून होते.

अतितापनाच्या निदानाच्या दृष्टीने हा परिसर बोलका आहे, कारण येथील वाहनाला तीन अगदी भिन्न परिस्थितींतून जावे लागते. पहिली परिस्थिती शिवाजी चौक ते वाकड या पट्ट्यातील संथ कोंडीची. दुसरी मुंबई–बंगळूर महामार्गाच्या बाह्यवळणावर सलग वेगाने धावण्याची. तिसरी, कोकणातून माल भरून ताम्हिणी घाट किंवा बोरघाट चढून परतण्याची. यांपैकी नेमक्या कोणत्या टप्प्यात काटा चढतो, यावरून दोषाचे क्षेत्र पुष्कळसे आकुंचित होते.

## शीतन प्रणालीचे कार्य

जुन्या डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराड्यावाटे बाहेर पडते आणि उरलेली मुख्यतः शीतकात उतरते. शीतक म्हणजे पाणी व इथिलिन ग्लायकॉल यांचे मिश्रण. व्यवहारात त्याला कूलंट म्हणतात. पाण्याचा पंप, ज्याला अनेक गॅरेजांत 'वॉटर बॉडी' असे नाव आहे, हे शीतक सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो. तापलेले शीतक वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये जाते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना हवेला उष्णता देते आणि खालच्या पाइपमधून पुन्हा पंपाकडे येते.

थर्मोस्टॅट ही तापमानावर चालणारी झडप आहे. इंजिन थंड असताना ती बंद राहते व शीतक रेडिएटर टाळून एका उपमार्गाने इंजिनातच फिरते. बहुतेक इंजिनांत ही झडप ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते. रेडिएटरमधून हवा खेचण्याचे काम पंखा करतो. अनेक जुन्या पिकअप वाहनांत तो इंजिनाच्याच फिरण्यावर, पट्ट्याच्या साहाय्याने चालतो. काही वाहनांत पंख्याच्या मध्यभागी व्हिस्कस क्लच असतो. रेडिएटरमागील हवा तापली की तो पंख्याला घट्ट पकडतो आणि हवा थंड असताना सैल सोडतो.

### उंची, दाब आणि उत्कलनबिंदू

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. डिझेल इंजिनाचे शीतक भारात असताना याच तापमानाच्या आसपास पोचते. म्हणून शीतन प्रणाली बंदिस्त ठेवून तिच्यात दाब निर्माण होऊ दिला जातो. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग ठराविक दाबापर्यंत, अनेक वाहनांत सुमारे ०.९ बारपर्यंत, झडप बंद ठेवते. या दाबाखाली पुणे परिसरात साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी व ग्लायकॉल यांच्या समप्रमाणातील मिश्रणाचा उत्कलनबिंदू याहूनही वर जातो.

यावरून झाकणाचे महत्त्व स्पष्ट होते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की दाब टिकत नाही आणि इंजिन प्रमाणापेक्षा फारसे गरम नसतानाही पाणी उकळून बाहेर पडते. संपूर्ण प्रणालीतील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असलेले हे झाकण निदानाच्या वेळी बहुधा दुर्लक्षित राहते.

## अतितापनाची कारणे

अतितापनाची कारणे चार गटांत विभागता येतात.

- शीतक कमी असणे: होज पाइप, पंपाचे सील, रेडिएटर किंवा झाकण यांतून होणारी गळती, इंजिनाच्या आत होणारी गळती, दुरुस्तीनंतर प्रणालीत अडकलेली हवा.
- शीतक न फिरणे: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे, पंपाची पाती झिजणे, पट्टा सैल होणे, रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजणे, खालचा पाइप आत चेपला जाणे.
- हवा न मिळणे: पंख्याचा क्लच निकामी होणे, पंख्याभोवतीचे आवरण तुटणे किंवा काढून टाकलेले असणे, रेडिएटरची जाळी चिखल, धूळ, भुसा वा किड्यांनी भरणे.
- उष्णता अधिक निर्माण होणे: क्षमतेपेक्षा जास्त माल, चिकटलेले ब्रेक, घसरणारा क्लच, डिझेल फवारणीची चुकलेली वेळ, इंजिन तेलाची कमतरता.

पहिल्या तीन गटांत उष्णता बाहेर जाण्याची वाट अडते, तर चौथ्या गटात शीतन प्रणाली निर्दोष असूनही तिच्यावर झेपणार नाही एवढा भार पडतो. जुन्या वाहनात अनेकदा दोन-तीन किरकोळ दोष एकत्र येतात. अर्धवट बुजलेला रेडिएटर हिवाळ्यात रिकाम्या गाडीला पुरेसा पडतो. तोच मे महिन्यात, पूर्ण माल भरलेला असताना, अपुरा ठरतो.

### कठीण पाण्याचा परिणाम

पुणे जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. येथील अनेक विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असे कठीण पाणी रेडिएटरमध्ये वारंवार घातल्यास ते तापताना कॅल्शियम कार्बोनेटचा थर धरते. चहाच्या पातेल्यात किंवा पाणी तापवण्याच्या बंबात दिसणारा पांढरा थर हाच होय. ओतीव लोखंडाच्या तुलनेत हा थर उष्णता फारच कमी वाहून नेतो. ढोबळ हिशेबाने एक मिलिमीटर जाडीचा थर सुमारे २५ मिलिमीटर जाडीच्या लोखंडाइतका उष्णतेला अडवतो. असा थर सिलिंडरांभोवती साचला असेल तर रेडिएटर नवा बसवूनही अतितापन पूर्णपणे थांबत नाही.

## निदानाची पद्धत

### सुरक्षितता

तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडणे ही निदानातील सर्वांत धोकादायक चूक आहे. दाबाखाली ११० अंशांवर असलेले पाणी झाकण उघडताच ९८ अंशांचा उत्कलनबिंदू असलेल्या मोकळ्या हवेत येते आणि त्याचा काही भाग तत्क्षणी वाफेत बदलतो. दहा लिटर पाण्यापैकी जेमतेम पाव लिटरच्या आसपास पाणी वाफ होते, परंतु ती वाफ साडेतीनशे लिटरांहून अधिक जागा व्यापते आणि उरलेले उकळते पाणी स्वतःबरोबर बाहेर फेकते. चेहरा, मान व हात गंभीररीत्या भाजण्याचे अपघात याच कारणाने होतात. झाकणावर ओले फडके टाकल्याने हा धोका टळत नाही. वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत झाकणास हात न लावणे हा एकमेव खात्रीचा नियम आहे.

इंजिन गरम असताना त्यावर किंवा त्यात गार पाणी ओतल्यास धातू एका बाजूने अचानक आकुंचन पावतो व हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो. इथिलिन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोडसर असते. कुत्री, मांजरे व गुरे ते चाटण्याची शक्यता असल्याने काढलेले शीतक उघड्यावर किंवा गटारात सोडणे धोक्याचे असते.

### काट्याची खातरजमा

निदानाची पहिली पायरी म्हणजे इंजिन खरोखर तापले आहे काय, हे ठरवणे. जुन्या वाहनात संवेदक, त्याची वायर किंवा डॅशबोर्डावरील मापक सदोष असू शकतो. दिवे लावताच काटा वर उडी घेत असेल तर विद्युत जोडणीतील, विशेषतः अर्थिंगमधील, दोषाचा संशय घ्यावा लागतो. अवरक्त तापमापकाने थर्मोस्टॅटच्या घराजवळचे तापमान घेऊन ते काट्याशी ताडून पाहता येते. चकचकीत धातूवर हे उपकरण प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवते. त्यामुळे मोजणी रबरी पाइपावर किंवा काळ्या रंगाच्या पृष्ठभागावर करतात.

याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो. शीतक इतके कमी झाले की संवेदक कोरडा पडला, तर काटा एकाएकी खाली येतो. चालकाला गाडी निवल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात इंजिन पाण्याविना चालत असते. चढलेला काटा कारणाशिवाय झपाट्याने पडणे ही इंजिन तत्काळ बंद करण्याची खूण मानली जाते.

### तापण्याची परिस्थिती

कोणताही भाग खोलण्यापूर्वी वाहन कधी तापते याची नोंद घेणे निदानात निर्णायक ठरते.

कोंडीत तापते, वेगात निवते. संथ वाहतुकीत रेडिएटरला पंख्याखेरीज हवा मिळत नाही आणि इंजिन कमी फेऱ्यांवर असल्याने पंखाही हळू फिरतो. महामार्गावर समोरून येणारी हवा पंख्याची उणीव भरून काढते. म्हणून हिंजवडीच्या कोंडीत चढलेला काटा वाकडनंतर बाह्यवळणावर खाली येत असेल, तर दोष प्रथम पंखा, त्याचा क्लच, पट्टा किंवा पंख्याभोवतीचे आवरण यांत शोधला जातो.

कोंडीत ठीक, वेगात किंवा घाटात तापते. या वेळी इंजिन भरपूर उष्णता निर्माण करते आणि ती वाहून नेण्यासाठी शीतकाचा मोठा प्रवाह लागतो. रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्या, झिजलेला पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा चेपला जाणारा खालचा पाइप हे दोष अशा वेळी उघडे पडतात. दोष केवळ घाटातच दिसत असेल, तर मालाचे वजन, क्लचचे घसरणे व डिझेल फवारणीची वेळ यांचीही तपासणी आवश्यक ठरते.

थंड इंजिन सुरू करताच काही मिनिटांत तापते. शीतक अत्यंत कमी असणे, थर्मोस्टॅट पूर्ण बंद अडकणे, प्रणालीत हवा अडकणे किंवा ज्वलनवायू शीतकात शिरणे ही त्याची प्रमुख कारणे होत.

सर्वच परिस्थितीत हळूहळू तापते. क्षार साचणे, जाळी बाहेरून भरणे किंवा अनेक दोष एकत्र येणे संभवते.

गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावर पाणी उकळते. पंप थांबल्याने धातूतील साठलेली उष्णता स्थिर शीतकात उतरते. हे केवळ बंद केल्यानंतरच घडत असेल, तर झाकण दाब टिकवते काय हे आधी पाहतात.

### थंड इंजिनावरील तपासणी

इंजिन पूर्ण थंड असताना शीतकाची पातळी रेडिएटरमध्येच पाहावी लागते. बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीतील पातळी ठीक असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. शीतक तांबूस व गढूळ असल्यास गंज, तर त्यावर तेलाचा तवंग असल्यास अंतर्गत गळती सूचित होते. इंजिन तेलाची पट्टी काढून तेल दुधाळ चहासारखे झाले आहे काय हे पाहिले जाते. असे तेल पाणी मिसळल्याचे लक्षण असून त्या स्थितीत इंजिन चालवल्यास बेअरिंग खराब होतात.

पट्ट्याचा ताण व त्यावरील चिरा, होज पाइपांची फुगवटी, क्लिपांजवळचे पांढरे किंवा रंगीत डाग, पंपाखालच्या छोट्या छिद्रातून येणारे थेंब यांची तपासणी याच टप्प्यात होते. पंपाखालचे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून शीतक येणे म्हणजे पंपाचे सील गेल्याची सूचना होय. ते बुजवल्यास पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

रेडिएटरच्या मागून दिवा धरून पुढून पाहिल्यास जाळी किती भरली आहे हे कळते. बांधकामाची धूळ आणि पावसाळ्यातील चिखल एकत्र येऊन तयार होणारा थर पुढून वरवर पुसल्याने निघत नाही. तो काढण्यासाठी मागून पुढच्या दिशेने, कमी दाबाने पाणी मारतात. जास्त दाबामुळे जाळीचे पातळ पत्रे वाकून हवेची वाट कायमची बंद होते.

### सुरू इंजिनावरील तपासणी

इंजिन सुरू केल्यावर वरचा होज पाइप काही काळ गार राहून नंतर एकदम गरम झाला, तर थर्मोस्टॅट उघडला असे समजतात. काटा चढत असूनही पाइप गारच राहिल्यास तो बंद अडकलेला असतो. थर्मोस्टॅट बाहेर काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने लोंबकळत ठेवून, तापमापक लावून पाणी तापवल्यास तो किती अंशांना उघडतो हे प्रत्यक्ष दिसते. पुणे परिसरात पाणी ९८ अंशांना उकळत असले, तरी ही चाचणी करण्यास तेवढे तापमान पुरते.

इंजिन कार्यतापमानास आल्यावर रेडिएटरच्या वरच्या व खालच्या पाइपांतील तापमानाचा फरक मोजला जातो. दोन्ही पाइप खूप गरम असून फरक अत्यल्प असेल, तर शीतक वाहत आहे पण हवेला उष्णता देत नाही. दोष हवेच्या बाजूस असतो. वरचा पाइप खूप गरम व खालचा बराच गार असेल, तर प्रवाह मंद आहे. दोष शीतकाच्या बाजूस असतो. रेडिएटरच्या पृष्ठभागावर जागोजागी मोजणी केल्यास बुजलेल्या नळ्यांचे पट्टे इतर भागांहून गार आढळतात.

इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्यावर खालचा पाइप आत चेपला जातो काय, हेही पाहतात. हा पाइप पंपाच्या शोषण बाजूस असल्याने जुने मऊ रबर वेगात चेपले जाते व प्रवाह अडतो. फेऱ्या कमी होताच पाइप पूर्ववत दिसतो. म्हणून उभ्या गाडीत हा दोष नजरेस येत नाही. व्हिस्कस क्लचची तपासणी इंजिन गरम असताना, ते बंद करून व किल्ली काढून करतात. पंखा हाताने फिरवल्यावर त्याला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. तो सैल फिरत राहिल्यास किंवा क्लचवर तेलाचे ओघळ असल्यास क्लच निकामी समजला जातो.

### दाब चाचणी

गळती दिसत नसूनही शीतक कमी होत असल्यास झाकणाच्या जागी हातपंप बसवून थंड प्रणालीत झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. दहा ते पंधरा मिनिटांत दाब उतरला तर कोठेतरी गळती आहे. बाहेर थेंब न दिसता दाब उतरत असेल, तर पाणी इंजिनाच्या आत जात असल्याची शक्यता बळावते. याच उपकरणाने झाकणाचीही स्वतंत्र चाचणी घेता येते.

### ज्वलनवायूची गळती

हेड आणि ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट फुटल्यास सिलिंडरमधील वायू शीतकात शिरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी तापण्यापूर्वीच, वरचा पाइप दगडासारखा कडक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, धुराड्यातून दाट पांढरी वाफ निघणे आणि बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे ही त्याची लक्षणे आहेत. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात. हवेत ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड असल्यास द्रावण पिवळसर होते. हेड काढण्याचा निर्णय या चाचणीनंतर घेणे इष्ट असते.

## कारण आणि परिणाम यांतील गल्लत

जुन्या वाहनांच्या दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान कारण व परिणाम यांच्या गल्लतीमुळे होते. फुटलेले हेड गॅस्केट अतितापन घडवते हे खरे. परंतु अनेकदा ते आधीच्या अतितापनाचा परिणाम असते. बुजलेल्या रेडिएटरमुळे इंजिन तापते, तापलेले हेड किंचित वाकते, गॅस्केटवरील दाब असमान होतो आणि ते फुटते. गॅरेजमध्ये हेड उतरवून ते समतल केले जाते, नवे गॅस्केट बसते आणि गाडी रस्त्यावर येते. रेडिएटर मात्र तसाच राहतो. पुढच्या घाटात तोच क्रम पुन्हा घडतो आणि दोष गॅस्केटच्या दर्जावर किंवा कारागिरावर ढकलला जातो.

हेडचा वाक मोजण्यासाठी त्यावर सरळ पट्टी ठेवून खालची फट फीलर गेजने पाहतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी फटही गॅस्केट निकामी करण्यास पुरेशी ठरू शकते. प्रत्येक वेळी हेड घासून समतल केल्याने त्याची जाडी कमी होते, त्यामुळे ही दुरुस्ती मर्यादित वेळाच करता येते. हेड काढण्याची वेळ आलीच, तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंप व झाकण यांची तपासणी त्याच वेळी पूर्ण करणे हा दुरुस्तीचा अविभाज्य भाग मानला जातो.

## प्रचलित समजुती

थर्मोस्टॅट काढून टाकल्यास गाडी तापत नाही. ही समजूत व्यापक आहे. थर्मोस्टॅट बंद अडकला असेल तर तो काढल्याने तात्पुरता आराम पडतो. परंतु त्याविना इंजिन योग्य तापमानास उशिरा पोचते, डिझेल जास्त लागते आणि सिलिंडरांची झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळणारा उपमार्ग बंद करतो. अशा इंजिनातून तो काढल्यास उपमार्ग कायम उघडा राहतो, शीतकाचा एक भाग रेडिएटरपर्यंत पोचतच नाही आणि चढावर गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापू शकते.

कूलंट थंड प्रदेशासाठीच असते. ग्लायकॉलमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, तसाच उत्कलनबिंदू वरही जातो. त्याशिवाय कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये ब्लॉक, पंप व रेडिएटर यांचे रक्षण करतात. बर्फ न पडणाऱ्या महाराष्ट्रात हेच उपयोग महत्त्वाचे आहेत.

कूलंट जितके दाट तितके चांगले. निव्वळ ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याहून बरीच कमी असते. त्यामुळे ठरलेल्या प्रमाणापेक्षा दाट मिश्रण शीतन बिघडवते.

## रस्त्यात करावयाचे उपाय

काटा चढू लागताच वेग व भार कमी करून वाहन सुरक्षित जागी उभे करणे इष्ट असते. वाफ किंवा गळती नसेल, तर इंजिन लगेच बंद न करता काही वेळ भाराविना चालू ठेवल्यास पंप व पंखा उष्णता बाहेर काढत राहतात. वाफ निघत असेल, पाणी सांडत असेल, पट्टा तुटला असेल किंवा काटा अचानक पडला असेल, तर इंजिन तत्काळ बंद केले जाते. बॉनेट वाफ ओसरल्यावरच उघडतात.

इंजिन पुरेसे निवल्यावर झाकण काढून पाणी थोडेथोडे व सावकाश भरतात. केवळ पाणी भरून प्रवास सुरू ठेवणे हा जवळच्या गॅरेजपर्यंत पोचण्याचा मार्ग असतो, दुरुस्ती नव्हे. पाणी किती भरावे लागले याची नोंद पुढील निदानास उपयोगी पडते. पाणी कमी झालेलेच नसेल, तर गळतीऐवजी प्रवाह, हवा किंवा भार यांकडे लक्ष वळते.

## प्रतिबंध

शीतकाची पातळी रोज सकाळी थंड इंजिनावर पाहणे, निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत शीतक बदलणे, ते क्षारविरहित पाण्यात मिसळणे, पावसाळ्यानंतर रेडिएटरची जाळी धुणे आणि पट्टा व पाइप तुटण्यापूर्वी बदलणे यांमुळे बहुतेक प्रसंग टाळता येतात. वाटेत विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी भरावे लागल्यास नंतर ते काढून योग्य मिश्रण भरणे आवश्यक असते. शीतक भरताना वाहनाचे नाक किंचित उंचावर ठेवल्यास अडकलेली हवा रेडिएटरच्या तोंडातून बाहेर पडण्यास मदत होते.

शीतन प्रणालीची देखभाल व दोषशोधन हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मेकॅनिक मोटार व्हेईकल आणि मेकॅनिक डिझेल या अभ्यासक्रमांचा भाग आहे. पुण्यातील औंध येथेही शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. या चाचण्यांपैकी बहुतेकांसाठी तापमापक, दाबाचा हातपंप आणि एक दिवा एवढीच साधने लागतात. मात्र वाहन कोठे, किती मालासह आणि किती वेळाने तापले ही माहिती चालकाकडेच असते. ती कारागिरापर्यंत नेमकेपणाने पोचली, तर कोणत्या चाचणीपासून सुरुवात करावी हे गाडी खोलण्यापूर्वीच ठरवता येते.